शोभेच्या कोळंबीचा जोडधंदा: जात चुकली तर पिल्लं हाती लागत नाहीत

काचेच्या टाकीत लाल-निळी कोळंबी वाढवा आणि घरबसल्या कमवा, असे व्हिडिओ सध्या मोबाईलवर फिरत आहेत. कोळंबी घरच्या टाकीत वाढते, हे खरं आहे. मात्र सगळ्याच जातींची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत. पैसे गुंतवण्याआधी शेतकऱ्यांनी हे समजून घेणं गरजेचं आहे.

दोन जाती, दोन हिशेब

चेरी कोळंबी मूळची तैवान-चीनकडची. मादी साधारण २० ते ३० अंडी पोटाखाली धरते. तीन-चार आठवड्यांत आईसारखीच दिसणारी बारीक पिल्लं निघतात आणि त्याच गोड्या पाण्यात शेवाळ खाऊन वाढतात.

जपानकडच्या अमानो कोळंबीचं तसं नाही. तिच्या अंड्यांतून अळ्या निघतात. त्यांना काही दिवसांतच समुद्रासारखं, लिटरला ३० ते ३५ ग्रॅम क्षारांचं पाणी लागतं. महिना-दीड महिन्यानं रूप बदललं की पुन्हा गोडं पाणी. स्वयंपाकाचं मीठ टाकून हे जमत नाही. शेततळ्यातल्या जंबो कोळंबीच्या अळ्यांनाही निमखारं पाणी लागतं, म्हणूनच तिचं बीज हॅचरीतून आणावं लागतं.

समुद्रापासून लांबच्या तालुक्यांत नवख्यानं चेरीपासूनच सुरुवात केलेली बरी.

खरी परीक्षा उन्हाळ्यात

पाणी ३० अंशांवर गेलं की चेरीही मरू लागते. वीज गेली की हवेचा पंप बंद. तांबं तर तिला विषच. तांब्याच्या हंड्यातलं पाणी किंवा मोरचुदाची बादली टाकीजवळ नेऊ नये. फवारणीचा अंशही पुरेसा घातक आहे. टीसीएल टाकलेलं नळाचं पाणी थेट वापरू नये. वेगवेगळे रंग एकत्र ठेवले तर पुढची पिढी मातकट निघते आणि गिऱ्हाईक ती घेत नाही.

अनुदानाचं काय?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाख रुपये प्रकल्प खर्च धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. पण ही तरतूद माशांसाठी आहे. नुसत्या कोळंबीचा प्रस्ताव बसतो का आणि अर्ज सुरू आहेत का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारावं.

याचं गिऱ्हाईक मुख्यतः शहरात आहे. त्यामुळे दुकानदाराशी बोलणी आधी, टाक्या नंतर. आणि धंदा नाही जमला तरी उरलेली कोळंबी विहिरीत, ओढ्यात सोडू नये. परकी जात पाण्यात पसरली की परत काढता येत नाही.