ओढीचें एंजिन आणि वाढविलेला पंप

गाळपाचा हंगाम तोंडावर आला, कीं आमच्या भागांतील डिझेल पंपाच्या फिटरांकडे ट्रॅक्टरांची रीघ लागते. ज्यास ऊंस वाहावयाचा आहे, तो प्रत्येकजण “पंप थोडा वाढवून द्या” अशी मागणी करितो, आणि फिटरही सील तोडून, स्क्रू फिरवून, ती अर्ध्या तासांत पुरी करितो. पिकअप गाड्यांचे धनी याच कामासाठीं शहरांत जातात. तेथें स्क्रूच्या जागीं लॅपटॉप असतो, एवढाच फरक. एंजिनाची जुळणी ओढकामास योग्य करून घ्यावी, हा हेतु चांगलाच आहे. परंतु योग्य जुळणी म्हणजे वाढविलेली जुळणी, हा जो समज रूढ झाला आहे, तो चुकीचा असून शेतकऱ्यास बुडविणारा आहे, असें माझें मत आहे.

मी यंत्रविद्येंत पारंगत नाहीं. उभा जन्म महसूल खात्यांत आंकडे मांडण्यांत गेला. परंतु हा विषय यंत्राइतकाच हिशेबाचा आहे, आणि हिशेब मला कळतो. शिवाय या बाबतींतील ठेंच माझ्या घरींच लागलेली आहे, म्हणून लिहिण्याचा अधिकार मी घेत आहें.

माझ्या पुतण्याकडे ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. तो बँकेच्या कर्जावर घेतलेला; त्या कर्जाचा बोजा आमच्या सातबाराच्या इतर हक्काच्या रकान्यांत चढलेला. तोडणीच्या टोळीस दिलेली उचल निराळीच. २०२४-२५ च्या हंगामाच्या आरंभीं त्यानें पंप वाढवून घेतला. तेव्हांपासून चढ लागला कीं काळ्या धुराचा लोट निघे. मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “काका, धूर आला म्हणजे ताकद आली.” मीं तें ऐकून घेतलें. इतकेंच नव्हे, तर संक्रांतीच्या आदल्या दिवशीं आमच्याच फडांत ट्रेलर भरत असतां, तोडीची पाळी निघून जाईल या धास्तीनें, “अजून दोन थर बसतील, भरून घे,” असें सांगणारा मीच होतों. कारखान्याच्या वाटेवरील चढावर पाण्याचा कांटा लाल रेघेपार गेला, हेड गॅस्केट उडाली आणि दोन पिस्टन लायनरांत जाम झाले. दुरुस्तीस ९२,००० रुपये आणि १९ दिवस लागले. तेवढे दिवस टोळी फडावर बसून राहिली. बसून राहिलेल्या दिवसांची मजुरी मजुरास मिळत नाहीं, आणि उचल मात्र त्याच्या अंगावर तशीच राहते. तोडून पडलेला ऊंस वाळून वजनांत घटला, तें नुकसान आमचें. बँकेचा हप्ता थकला. वाढविलेल्या पंपानें आम्हांस काय दिलें आणि काय नेलें, याचा विचार मीं त्या १९ दिवसांत पुरेपूर केला.

प्रथम धुराची गोष्ट. एक किलो डिझेल पुरतें जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. आणि सिलिंडरांत हवा व डिझेल सर्वत्र सारखें मिसळत नसल्यामुळें, धूर न होतां जळावें तर व्यवहारांत अठरा-वीस किलो हवा तरी द्यावी लागते. टर्बो नसलेलें एंजिन एका फेऱ्यास जेवढी हवा घ्यावयाची तेवढीच घेतें. स्क्रू फिरविल्यानें हवा वाढत नाहीं. डिझेल तेवढें वाढतें. आरंभीं थोडी ताकद वाढते, हें खरें. परंतु मर्यादा ओलांडली, कीं पुढचें डिझेल अर्धवट जळून काजळी होतें. गुऱ्हाळाच्या चुलवाणांत चिपाडें कोंबलीं तर जाळ मंदावून धूर दाटतो, हें चुलवाणापाशीं बसणाऱ्या गड्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. तें आपल्याच पैशानें घेतलेलें, न जळलेलें डिझेल होय.

धुराहून वाईट ती उष्णता. पिस्टन ॲल्युमिनमच्या मिश्र धातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनम ६६० अंश सेंटिग्रेडवर वितळतें, आणि त्याच्या पुष्कळच आधीं त्याचा कस जातो. तेल व पाणी यांच्या योगानें पिस्टन थंड राहतो, म्हणून एंजिन टिकतें. सपाटीवर क्षणभर जोर केला, तर ती उष्णता निघून जावयास अवसर मिळतो. परंतु भरल्या ट्रेलरांनिशीं दहा मिनिटें चढ चढत असतां असा अवसर मिळत नाहीं. रिकाम्या गाडीस जी जुळणी शोभते, तीच ओढकामांत घातक होते, याचें कारण हेंच.

आतां ओढ आणि अश्वशक्ति यांतील भेद पाहूं. चाकास जो पीळ मिळतो, ज्यास यंत्रशास्त्रांत टॉर्क म्हणतात, तीच खरी ओढ. अश्वशक्ति म्हणजे ती ओढ आणि एंजिनाचे फेरे यांचा गुणाकार. एक एंजिन मिनिटास १४०० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर टॉर्क देतें, म्हणजे सुमारें ३९ अश्वशक्ति. दुसरें २००० फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटर देतें, म्हणजे सुमारें ४२. कागदावर दुसरें मोठें. पण त्याच गिअरांत चढ लागला असतां पहिलेंच ओढील. ओझें पडून फेरे उतरूं लागले, कीं ज्याचा टॉर्क वाढतो, तें ओढीचें एंजिन. ट्रॅक्टर बनविणारे कारखाने हा गुण मुळांतच साधून देतात. फिटर डिझेल वाढवितो, आणि पुष्कळदां त्यासोबत गव्हर्नरही सैल करून फेरे वाढवितो; म्हणजे ओढीपेक्षां वेग वाढतो. ज्या ट्रेलरास स्वतःचे ब्रेक नाहींत, त्याच्यापुढें वेग वाढविणें म्हणजे उतारावर मागचें ओझें आपल्याच अंगावर घेणें होय.

चढाचा हिशेब मीं कागदावर मांडिला, तो वाचकांनीं पडताळून पाहावा. ट्रॅक्टर, दोन ट्रेलर व ऊंस मिळून २० टन वजन धरूं. चढ शंभरास पांच. या चढावर एक टन ओढ नुसती चढण्यास लागते, आणि चाकांच्या घर्षणास शंभरीं दोन धरिले तर ४०० किलो आणखी. एकूण १,४०० किलो. ताशीं १० किलोमीटर वेगानें चढावयाचें तर चाकापाशीं सुमारें ५२ अश्वशक्ति हवी. ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास तें शक्यच नाहीं. ताशीं ५ किलोमीटर वेगानें चढलें तर २६ पुरते. म्हणजे जें काम पंपाकडून करून घ्यावयाचें, तें खालचा गिअर फुकट करून देतो. चाकापाशीं ३५ अश्वशक्ति मिळते असें धरिलें, तर एक किलोमीटर चढास सुमारें नऊ मिनिटें लागतात. पंप वाढवून ताकद शेंकडा २० वाढली असें फिटरच्याच शब्दावर मानलें, तरी तेवढ्याच चढास साडेसात मिनिटें लागतात. वांचलें काय? दीड मिनिट. या दीड मिनिटासाठीं आम्हीं १९ दिवस दिले!

आतां पिकअपविषयीं. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. या गाड्यांत डिझेल किती, केव्हां व किती दाबानें सोडावयाचें, हें संगणक ठरवितो; धुरांतील काजळी अडविण्यास गाळणी असते. लॅपटॉपवाला संगणकांतील हा नकाशा बदलतो, आणि कांहीं जण गाळणीच काढून टाकण्याचा सल्ला देतात. ज्या देशांत पिकअपनें ट्रेलर ओढण्याची चाल फार मोठी आहे, त्या अमेरिकेंतही हा रोग पसरला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेनें २०२० सालीं असा अंदाज प्रसिद्ध केला, कीं सुमारें दहा वर्षांत साडेपांच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची धूर रोखण्याची यंत्रणा काढून टाकण्यांत आली. परंतु त्याच देशाकडून घेण्याजोगी गोष्टही आहे. तेथें जे जाणकार आहेत, ते ओढकामाचा नकाशा शर्यतीच्या नकाशाहून मुद्दाम कमी ताकदीचा ठेवितात, आणि धुराच्या नळींतील उष्णता सुमारें ७०० अंश सेंटिग्रेडच्या वर फार वेळ राहूं नये, यावर डोळा ठेवितात. तेथील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचा ‘जे २८०७’ या नांवाचा एक दंडक आहे. त्याप्रमाणें पिकअपची ओढण्याची क्षमता ठरवितांना ॲरिझोना राज्यांतील डेव्हिस धरणाजवळच्या सुमारें १८ किलोमीटर चढाची, ३८ अंशांच्या उन्हाळ्यांतील, थंड हवेचें यंत्र चालू ठेवून घ्यावयाची परीक्षा असते. म्हणजे ओढीची परीक्षा क्षणाच्या झेंपेवर नव्हे, तर लांब चढावर व उष्णतेंत होते. आपणही हाच दंडक मनांत धरावा.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचें कलम ५२ गाडींत मनास येईल तसा बदल करूं देत नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ प्रमाणें असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं शिक्षा होऊं शकतात. जादा वजनास कलम १९४ खालीं वीस हजार रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड आहे. एंजिन बिघडल्यावर कारखान्याची हमी नाकारली जाते, ती वेगळीच.

यावर वाहतूकदार म्हणतील, “तुमचा हिशेब ठीक, पण आम्हांस पैसे टनावर मिळतात, आणि खेपा कमी झाल्या तर हप्ता कोठून भरावा?” हा आक्षेप खोटा नाहीं. पंप वाढविणारा मनुष्य हौशी नसतो. बहुधा तो कर्जानें गांजलेला असतो. आणि त्याच्यावर भार घालणारे आपणच, म्हणजे बागाईतदार, असतों. बांधावर उभे राहून “अजून एक मोळी” म्हणणारा प्रत्येक मनुष्य तो स्क्रू फिरवीत असतो. परंतु म्हणूनच विचारावेंसें वाटतें, कीं ज्याच्या सातबारावर बोजा आहे, त्यानें बोजा फेडणाऱ्या एकुलत्या एक यंत्राशीं जुगार खेळावा काय? मीं नोकरींत असतां अशा बोजाच्या नोंदी शेंकड्यांनीं पाहिल्या. नोंद घालावयास एक ओळ पुरते. ती कमी होण्यास मात्र कित्येकांच्या दोन पिढ्या गेल्या.

मग करावें काय? ओढ कमी वाटली, तर प्रथम हवेची गाळणी, डिझेलची गाळणी, नोझल आणि व्हाल्व्हचें अंतर तपासावें. एंजिन पुष्कळदां दुबळें नसतें, गुदमरलेलें असतें. पंप उघडावाच लागला, तर तो तपासणीच्या बाकावर चढवून, कारखान्यानें दिलेल्या मापाइतकाच लावून, सील करून घ्यावा. रेडिएटरांत अडकलेलें पाचट रोज झाडावें. चढाच्या आधींच खालचा गिअर घालावा. मध्येंच बदलूं नये. टर्बो असेल तर चढ चढून आल्यावर एंजिन दोन-तीन मिनिटें सावकाश चालू ठेवून मग बंद करावें. आणि पंपावर खर्चावयाचा पैसा ट्रेलरच्या ब्रेकांवर व टायरांवर खर्चावा.

आपल्या संस्थेसही एक सूचना करितों. जमिनीचा जसा सातबारा असतो, तसा सभासदांच्या प्रत्येक ओढीच्या गाडीचा एक उतारा संस्थेच्या दप्तरीं असावा. त्यांत पंप केव्हां उघडला, कोणत्या मापास लाविला, सील शाबूत आहे कीं नाहीं, ब्रेक केव्हां तपासले, याच्या तारीखवार नोंदी असाव्या. सभासदांनींही आपला ऊंस सील शाबूत असलेल्या गाडींतच, आणि ठरल्या वजनाइतकाच भरावा. हें दप्तर विनावेतन लिहून देण्यास मी तयार आहें.

पुतण्याचा ट्रॅक्टर आतां कारखान्याच्या मापावर आहे. चढावर तो सावकाश चालतो, धूर काढीत नाहीं, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवितात. मी त्यास एवढेंच सांगतों, कीं भोंगे वाजविणाऱ्यांपैकीं कोणीही आपला हप्ता भरावयास येणार नाहीं.

— एक सेवानिवृत्त अव्वल कारकून