‘तीन महिन्यांनी या’, पण मधल्या दिवसांत विचारायचे कोणाला?



कॅन्सर म्हटले की आपल्याला ऑपरेशन, केमो आणि वर्गणीची वही आठवते. पण लिम्फोमाचे काही प्रकार, उदाहरणार्थ फॉलिक्युलर, इतके संथ वाढतात की त्रास नसेल तर डॉक्टर औषध सुरूच करत नाहीत, फक्त लक्ष ठेवतात. हे शास्त्राला धरूनच आहे. लक्षणे नसताना घाईने केमो दिल्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. मात्र पुण्यात ‘तीन महिन्यांनी या’ ऐकून बारामती-इंदापूरच्या वस्तीत परतलेला शेतमजूर याचा अर्थ काय लावेल? गरीब म्हणून हाकलले, हाच. पिढ्यांचा अनुभव त्याला तेच सांगतो. मग अंगारा-धुपारा, नाहीतर तपासणीच बंद.

म्हणून या आजारात खाटेपेक्षा नर्सची गरज मोठी. गाठ वाढली का, वजन उतरले का, रात्री घामाने कपडे भिजतात का, हे विचारणारी. फॉलिक्युलर लिम्फोमा वर्षाला शंभरातल्या दोन-तीन रुग्णांत आक्रमक होतो. तो बदल वेळेत पकडायचा तर कोणीतरी सतत विचारत राहायला हवे. केमो सुरू झाल्यावर 100.4 ताप आला तर गोळी घेऊन झोपू नका, आत्ताच दवाखान्यात या, हे बजावणारीही तीच. ब्रिटनमध्ये अशा रुग्णाला ठरलेली नर्स असते, तिचा नंबर हातात असतो.

आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना पॅकेजवर चालते. लक्ष ठेवण्याच्या वर्षांचे पॅकेज कुठले? आशाताईंवर ढकला, असे कोणी सुचवेल. त्या आधीच मानधनावर राबतात. त्यात आपल्याही बहिणी आहेत.

बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय. महाविद्यालयात कॅन्सरचे प्रशिक्षण घेतलेली नर्स नेमा, आठवड्यातून एक दिवस तिला इंदापुरात बसवा. आणि पद कायमच हवे. कंत्राटी भरतीत आरक्षणाचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी पोर पाठीवर घेतला आणि त्याच साथीत त्या गेल्या. ती सेवा होती. आज संविधानाच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे, तेव्हा हात जोडून सेवा मागायची नाही, पगारी पद मागायचे.

सुरुवात माहिती अधिकाराने करा. दोन्ही रुग्णालयांत नर्सची मंजूर पदे किती, भरलेली किती, कॅन्सरचे प्रशिक्षण कितीजणींना? अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाहीत.