अदब आणि खरेपणा

घरी आलेला पाहुणा निघताना काय म्हणतो? मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. एखादे मूल चुकून 'जातो' म्हणाले, तर वडीलधारी माणसे त्याला लगेच सांगतात, "जातो म्हणू नये, येतो म्हणावे." शब्दाचा सरळ अर्थ पाहिला, तर हे उलटेच आहे. पाऊल बाहेर पडत असते आणि तोंडाने म्हणायचे 'येतो'! पण 'पुन्हा भेटू' ही इच्छा त्या एका शब्दात असते.

मराठीत असे बोलणे पुष्कळ आहे. 'बांगडी फुटली' म्हणणे अशुभ वाटते, म्हणून जुन्या वळणाच्या स्त्रिया 'बांगडी वाढवली' म्हणतात. दुकान बंद करणे म्हणजे दुकान 'वाढवणे'. मुलांनो, यात काही ओळखीचे वाटते का? उर्दूतही 'दुकान बढाना' म्हणजे दुकान बंद करणेच. जेवण झाल्यावर दस्तरखान उचलतात, त्याला 'दस्तरखान बढाना' म्हणतात. आदरणीय माणूस आजारी असला, तर तबियत त्याची नव्हे, त्याच्या 'दुश्मनांची' बिघडली, असे बोलतात. भाषा दोन, पण भावना एकच. समोरच्याचे मन दुखवू नये, अशुभ बोलू नये. यालाच आपण अदब म्हणतो. हा शब्दही दोन्ही भाषांचा आहे.

विनंती करतानाही आपण असेच आडवळणाने बोलतो. एस.टी.तला प्रवासी विचारतो, "जरा सरकता का?" हा प्रश्न नसतो, विनंती असते. "हो, सरकतो," असे म्हणून जागच्या जागी बसून राहणाऱ्याला लोक हसतील. हे केवळ व्याकरण पाठ करून येत नाही. त्यासाठी माणसांत मिसळावे लागते, ऐकावे लागते.

परंतु एका ठिकाणी हे आडवळण मला खटकते. माझीच एक चूक सांगतो.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील यंत्रमागावर काम करीत. मुलगा गणितात कच्चा होता. "संध्याकाळी त्याला थोडे शिकवाल का?" असे विचारायला ते आले. मला वेळ नव्हता. पण तोंडावर 'नाही' कसे म्हणायचे? मी हसून म्हणालो, "बघू या, इन्शाअल्लाह." मला वाटले, त्यांना माझा नकार समजला. त्यांना मात्र तो होकार वाटला. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. मी पुन्हा तेच बोललो. ते तिसऱ्यांदा आले, तेव्हा सहामाही परीक्षा होऊन गेली होती आणि मुलगा गणितात नापास झाला होता. ते शांतपणे म्हणाले, "सर, पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असता, तर मी दुसरीकडे विचारले असते. येण्यासाठी तीन खाडे झाले."

त्यांच्या शब्दांत राग नव्हता, म्हणून ते मला अधिक लागले. 'इन्शाअल्लाह' म्हणजे 'अल्लाहची इच्छा असेल तर'. काम करण्याचा इरादा असेल, तेव्हा म्हणायचा हा शब्द. मी त्याच्याआड माझा नकार लपवला होता. त्यात अदब नव्हती. स्वतःचा संकोच वाचवण्याची ती युक्ती होती.

कोणी म्हणेल, "मग काय फटकन 'नाही' म्हणायचे? तो उद्धटपणा नव्हे का?" तसे नाही. मी म्हणू शकलो असतो, "भाई, मला सध्या वेळ नाही, माफ करा. पण शेजारच्या गल्लीतले एक सर शिकवतात. त्यांना चिठ्ठी लिहून देतो." यात नकार स्पष्ट आहे आणि मनही राखले आहे.

'येतो' म्हणून गेलेला पाहुणा लगेच परत आला नाही, तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण 'बघू' या शब्दावर कोणी आपला दिवस, आपली मजुरी आणि आपल्या मुलाचे वर्ष टांगून ठेवलेले असते. म्हणून मुलांनो, शब्द गोड असू द्या; पण ज्याचे काम आपल्या उत्तरावर अडले आहे, त्याला खरे उत्तर पहिल्याच दिवशी द्या.