मोजदाद कोणाची?

पावसाळ्यात सर्दी-खोकला, ताप यांची साथ येतेच. त्यात मोजायचे ते काय, असे मानणाऱ्यांची संख्या लहान नाही. परंतु ज्याची मोजदाद होत नाही त्याची तरतूदही होत नाही, हा अंदाजपत्रकाचा साधा नियम आहे.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाने मुंबई गाठली. त्या साथीत तेथील तथाकथित कनिष्ठ जातींत दर हजारी सुमारे ६१ माणसे दगावली. युरोपियनांत सुमारे ८. जंतूला जात ठाऊक नव्हती. कोंदट खोल्यांना व अर्धपोटी देहांना ती ठाऊक होती. हा अन्याय आज आपण सिद्ध करू शकतो तो केवळ तेव्हाच्या नोंदींमुळे.

२००४ साली केंद्र सरकारने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने लक्षणांवरून, डॉक्टरने निदानावरून व प्रयोगशाळेने तपासणीवरून नियमित माहिती द्यावी, अशी ही रचना. ती तत्त्वतः योग्यच आहे. मात्र २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार सुमारे दोन तृतीयांश आजारांवरील उपचार खासगी क्षेत्रात होतात. खासगी दवाखान्याला नोंद म्हणजे निव्वळ खर्च. लाभ साऱ्या समाजाला. अशी वस्तू बाजार आपण होऊन निर्माण करीत नाही. तेथे शासनाची सक्तीच हवी.

दुसरे छिद्र याहून मोठे आहे. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, दुसरी बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस. नेमक्या त्या काळात बीडचा ऊसतोड कामगार परजिल्ह्यातील फडावर असतो. त्याच्या कोपीत धापा टाकणारे मूल कोणत्या उपकेंद्राच्या तक्त्यात बसते? गावच्या की कारखान्याच्या? बहुतेकदा कोणत्याच नाही.

पैसा नाही, ही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. मुदत संपली, वचन पुरे झाले नाही. आणि घरोघर फिरणारी आशा कार्यकर्ती अजून मानधनावरच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात: प्रत्येक खासगी रुग्णालयावर नोंदीची सक्ती, साखर कारखान्यांच्या तळांवर हंगामभर आरोग्यसेविका, आणि तालुकावार आकडे दर आठवड्यास ग्रामपंचायतीच्या फलकावर, मराठीत. आकडे लोकांच्या हाती आले की जाब विचारणे सोपे होते. ते दडून राहण्यात कोणाचे हित आहे, हे सांगण्याची गरज नाही.