उपासाचें दूध

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं घडलेला एक प्रसंग वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें निवेदन करितों. आमच्या पांच वर्षांच्या नातवाच्या पोटाची दुर्बिणीनें तपासणी, म्हणजे एन्डोस्कोपी, व्हावयाची होती. मुलास उपाशीं आणा, अशी डॉक्टरांची आज्ञा होती. आजीनें पहांटे त्यास पेलाभर दूध पाजलें. उपासाला दूध चालतें, ही तिची जन्माची समजूत! रुग्णालयांत विचारणा होतांच तिनें तें सांगितलें आणि तपासणी पुढें गेली. आम्ही रागावलों, भूलतज्ज्ञ मात्र म्हणाले, "आजींनीं खरें सांगितलें, हें फार बरें झालें."

कारण असें कीं, निद्रा निराळी आणि औषधाची गुंगी निराळी. झोपेंत घशाशीं कांहीं आलें, तर खोकला तें परतवून लावतो. गुंगींत हा द्वारपाळच निजतो आणि पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत शिरण्याचें भय असतें. दूध पोटांत साकळतें, म्हणून त्याची गणना अन्नांत होते. सामान्य नियम असा: हलकें अन्न व गाईम्हशीचें दूध ६ तास आधीं बंद, आईचें दूध ४ तास, स्वच्छ पाणी २ तास, तळलेलें व जड अन्न त्याहूनही आधीं. यांत डॉक्टर फरक सांगतील, तर त्यांचाच शब्द प्रमाण मानावा. परंतु मुलास उगाच तहानेलें ठेवूं नये.

गुंगीचें औषध मुलाच्या वजनावर ठरतें. तरीही मूल योजिल्याहून गाढ गुंगींत जाऊं शकतें. लहान मुलांस वजनाच्या मानानें प्राणवायु अधिक लागतो, त्यामुळें श्वास मंदावतांच रक्तांतील प्राणवायु झपाट्यानें उतरतो. म्हणून दुर्बीण चालविणाऱ्याखेरीज, केवळ मुलाच्या श्वासाकडे व पल्स ऑक्सिमीटरकडे लक्ष ठेवणारी दुसरी जाणती व्यक्ति तेथें असावी लागते. ती कोण, हें विचारण्यांत पालकांनीं संकोच धरूं नये. आपणही सर्दी, दमा, झोपेंत घोरणें, हलणारा दांत, औषधांचें वावडें, यांतील कांहीं लपवूं नये.

आठ दिवसांनीं तपासणी निर्विघ्न पार पडली. त्या पहांटे आजीनें स्वयंपाकघराची कडीच काढली नाहीं. आमचा चहाही राहिला. एकत्र कुटुंबांत मुलास भरविणारे हात पुष्कळ असतात. म्हणून उपासाची वेळ एकट्या आईस ठाऊक असून भागत नाहीं. ती घरांतील प्रत्येकास आदल्या रात्रींच सांगून ठेवावी.