कोसळणारा माणूस

चित्रकार तय्यब मेहता यांचे ‘कोसळणारा माणूस’ हे चित्र मी आमच्या तिसगावच्या शाळेत, वर्गात दाखवले. त्यातील देह वाकडातिकडा आहे. हातपाय एकमेकांत गुंतले आहेत. नुकतीच एलिमेंटरी परीक्षा दिलेला एक मुलगा हसून म्हणाला, “सर, यापेक्षा माझे चित्र बरे!” मी विचारले, “तोल जाऊन विहिरीत पडणारा माणूस हातपाय सरळ ठेवून पडतो का?” वर्ग शांत झाला.

१९४७ च्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारले. विशीतील तय्यब यांनी ते खिडकीतून पाहिले. ते दृश्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. पुढे त्यांनी कोसळणारा माणूस पुन्हा पुन्हा रंगवला. १९६८ साली दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक कलाप्रदर्शनात अशाच एका चित्राला सुवर्णपदक मिळाले.

काही जण म्हणतात, चित्राने डोळ्यांना आनंद द्यावा. फुले, डोंगर काढताना ते योग्यच आहे. पण जमावाने मारलेल्या माणसाचे गोंडस चित्र काढणे म्हणजे खोटे बोलणे होय, असे मला वाटते. शिवाय या माणसाच्या डोक्यावर ना टोपी आहे, ना कपाळावर टिळा. तो कोणाचा, हे कळत नाही. म्हणूनच तो आपल्या सर्वांचा आहे.

असे चित्र दिसले, तर हसण्याआधी स्वतःला एवढेच विचारा : याला काय दुखते आहे?