गोठा पाहावयास आलेल्या शेजाऱ्याला काय सांगावे?

आगमनकाळाचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांतून नाताळच्या तयारीच्या सभा सुरू होतात. गोठा कोणी बांधावा, मध्यरात्रीच्या मिस्सासाठी मंडप किती घालावा, मुंबईहून येणाऱ्या मंडळींच्या पापनिवेदनासाठी कोणती वेळ ठेवावी, हे नेहमीचे विषय. अलीकडे अशाच एका सभेत मात्र एक नवा प्रश्न निघाला. नाताळगीते गाणाऱ्या युवकांनी दरवर्षीप्रमाणे सगळ्या वाडीतून फिरावे, की यापुढे केवळ ख्रिस्ती घरांपुरतेच जावे? प्रश्न विचारणारे गृहस्थ भित्रे नव्हेत. भर वाऱ्यात होडी घालणारे आहेत. "फादर, उगाच कोणाच्या डोळ्यार कित्याक येवचा?" एवढेच ते म्हणाले. सभा काही वेळ गप्प राहिली.

ही भीती निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. १४ डिसेंबर २०१७ रोजी मध्य प्रदेशातील सतना येथे सेमिनरीचे विद्यार्थी व त्यांचे धर्मगुरू एका खेड्यात नाताळगीते गाण्यास गेले होते. धर्मांतराचा आरोप करीत जमावाने त्यांना अडविले. पोलिसांनी त्यांना ठाण्यात नेले आणि त्यांची विचारपूस करण्यास आलेल्या धर्मगुरूंची मोटार ठाण्याबाहेर पेटवून देण्यात आली. सतना दूर आहे असे म्हणावे, तर डिसेंबर २०२५ च्या अखेरीस आपल्याच राज्यात, अमरावती जिल्ह्यातील वरूड भागात, एका घरी चाललेल्या नाताळच्या प्रार्थनेवरून केरळच्या एका प्रॉटेस्टंट पाळकांना धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली; पुढे त्यांना जामीन मिळाला. त्याच वर्षी राज्य शासनाने धर्मांतरविरोधी कायदा आणण्याचा आपला मनोदयही जाहीर केला होता. हे सारे आमच्या लोकांच्या भ्रमणध्वनीवर येते, आणि सोबत बरेचसे खोटेही येते.

म्हणून प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. 'प्रसार' हा शब्द घटनेत सहजगत्या आलेला नाही. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यावर कडाक्याची चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांनी कठोर विरोध केला. कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांनी शब्द राहू द्यावा असा आग्रह धरला. आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांतून शिकलो, परंतु आपले धर्मांतर करण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, अशी साक्ष कृष्णम्माचारी यांनी दिली. आमच्या शाळांतील शिक्षकांनी ती वाचावी. पुढे १७ जानेवारी १९७७ रोजी रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून सांगण्याचा हक्क सर्वांना आहे. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही. या निवाड्यावर ख्रिस्ती विचारवंतांनी पुष्कळ टीका केली आहे. तो जसा आहे तसा धरला, तरी सांगण्याचा हक्क शाबूत राहतोच.

परंतु सांगण्याचा हक्क असलेला माणूस खरोखर काही सांगतो काय?

मालवण परिसरातील एका ख्रिस्ती घरी काही वर्षांपूर्वी नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो होतो. शेजारची एक वृद्ध हिंदू बाई नातवाला घेऊन गोठा पाहावयास आली. या किनाऱ्यावर हे नवे नाही. चतुर्थीला त्यांच्या घरून करंज्या येतात, नाताळात आमच्या घरून नेवऱ्या जातात, आणि दोन्ही ताटांत जिन्नस जवळजवळ एकच असतो. आजींनी गोठा निरखून पाहिला. वासरू, मेंढरे, गवतावरील बाळ. मग घरातील तरुणाला त्या म्हणाल्या, "देवाक गोठ्यात कित्याक रे जन्म घेवचो लागलो?" तरुण गोंधळला. "आमच्यात तसाच असता, काकी. तुमी केक घेवा," असे म्हणून त्याने बशी पुढे केली. आजींनी केक घेतला आणि त्या घरी गेल्या.

त्या तरुणाने अकरा वर्षे धर्मशिक्षण घेतले होते. तेथे आम्हीही होतो, आणि आजी दारापर्यंत पोहोचेतो आम्हांसही उत्तर सुचले नाही. तेव्हा हा दोष त्याच्या एकट्याचा नाही.

आजींनी विचारलेला प्रश्न आमच्या श्रद्धेचा गाभाच होता. त्याचे उत्तर द्यावयास पांडित्य लागत नाही. बादशहाने शिरगणती काढली, दिवस भरलेली मरिया व योसेफ परगावी गेले, उताराच्या जागी ठाव मिळाला नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजविले. नाताळाच्या आठवड्यात तारकर्ली-मालवणात खोली मिळणे किती कठीण असते हे आजींना चांगले ठाऊक आहे. ज्या कुटुंबाला कोणी खोली दिली नाही त्या कुटुंबात देव आला, ज्यांना कोठेच जागा नाही त्यांच्यामध्ये जागा घेण्यासाठी आला, एवढे सांगितले असते तरी पुरे होते. रात्रभर दशावतार पाहणाऱ्या आणि तुरुंगात जन्मलेल्या कृष्णाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या त्या बाईला आमची कथा ऐकण्यास कान होता. दोन्ही कथा एकच आहेत असे म्हणण्याची गरज नाही. त्या एक नाहीत, हे तिलाही कळले असते.

पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली सुवार्ता-प्रसारावरील आपल्या पत्रकात हाच मुद्दा मांडला आहे. ख्रिस्ती माणसाच्या मूक, प्रेमळ जगण्याने शेजाऱ्याच्या मनात प्रश्न उठतात, ही पहिली पायरी. परंतु विचारणाऱ्याला येशूचे नाव व त्याची कथा कोणी सांगितलीच नाही, तर ती साक्ष अपुरी राहते. आम्ही मात्र पहिल्या पायरीवरच कुसवाराचे ताट घेऊन उभे आहोत. नेवऱ्या, दोदोल आणि अंगणातला तारा आम्हांस प्रिय आहेत. त्यांनी दारे उघडली जातात, हे खरे. पण सांताक्लॉजची तांबडी टोपी आता प्रत्येक हॉटेलातील वाढप्याच्या डोक्यावर असते. तीच आमच्या दारी दिसली, तर आमच्या नाताळात आणि पर्यटकांच्या नाताळात फरक कोणता, हे शेजाऱ्याने कसे ओळखावे?

शेजाऱ्याच्या मनातील संशयाचाही विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. सगळाच संशय कालच्या राजकारणातून आलेला नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसले. लोक आपले देव घेऊन सीमेपलीकडे गेले. ही स्मृती आमच्या शेजारच्या घरांत जिवंत आहे, आणि ती खोटी नाही. परंतु त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी दुसरी वाट धरली. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये राशोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले. येशूजन्माची कथा त्यांनी लोकांच्या परिचयाच्या पुराणाच्या रीतीने सांगितली. सत्तेच्या छायेत राहूनही ज्याला ऐकणाऱ्याची भाषा मोलाची वाटली, असा तो माणूस होता. ती वाट आमच्या काळापर्यंत आली आहे. 'सुबोध बायबल' लिहिणाऱ्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा, २०१९ साली, धर्मगुरू कसा काय, असा विरोध झाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस ते अध्यक्ष म्हणून गेले. विरोध करणाऱ्यांना उत्तर म्हणून त्यांची मराठीच पुरेशी होती. २०२४ मध्ये ते निवर्तले.

एका बाबतीत आपण आपल्याशी कठोर झाले पाहिजे. नाताळात गरिबांना धान्य, कपडे वाटणे ही आपली जुनी रीत आहे. ती राहावी. पण ब्लँकेट देताना हातात पत्रकही देणे आम्हांस मान्य नाही. गरीब व अशिक्षित यांच्याशी वागताना बळजबरीचा किंवा आमिषाचा वासही येऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात बजावले आहे. ते कोणत्याही सरकारी कायद्याच्या भयाने नव्हे, तर माणसाच्या सद्सद्विवेकाच्या आदरापोटी. दान द्यावे आणि निघावे. त्याने विचारले, तर थांबावे.

सभेचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. दोन तास बोलणे झाल्यावर ठरले की, आजवर ज्या ज्या घरी जात आलो त्या सर्व घरी जावयाचे. आदल्या दिवशी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून. कोणी नको म्हटले, तर रागावयाचे नाही. दारात दोन गीते, आणि गीतांपूर्वी युवकांपैकी एकाने चार वाक्यांत सांगावयाचे की जन्म कोणाचा, कोठे आणि कशासाठी. ती चार वाक्ये लिहिण्यास मुलांना तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या मसुद्यात 'शांती', 'आनंद' आणि 'सणाच्या शुभेच्छा' होत्या, येशूचे नाव नव्हते. आम्ही तो परत केला. दुसऱ्यात इतके ईश्वरविज्ञान भरले होते की तो आमच्याच व्याख्यानातून उचललेला असावा. तिसरा मालवणीत होता, आणि त्यात खोली न मिळालेल्या जोडप्याची गोष्ट होती.

नाताळाच्या आठवड्यात मुले निघाली तेव्हा प्रश्न विचारणारे ते गृहस्थच बॅटरी घेऊन पुढे चालत होते. एका घराने नको म्हटले होते. त्या दारावरून मुले गाणे थांबवून गेली. बाकी घरांतून कोठे चहा झाला, कोठे नुसते ऐकून घेतले. एका ओसरीवर म्हाताऱ्या यजमानांनी विचारले, "मगे त्या बायेक जागा कोणी दिल्यानी?" सांगणारी मुलगी त्यांच्याशेजारी बसली, आणि पुढच्या घरी पोहोचावयास मंडळींना उशीर झाला.